वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडा: वेल्डिंगने दुरुस्ती का होत नाही?

गिलावा: मुंबईत काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. सगळा सांगाडा लोखंडी आहे, तर तडा गेलेल्या खांबाला पट्टी वेल्ड करून काम भागत नाही का? आणि गॅलऱ्या का कोसळतात?

ओतकाम: 'लोखंड' म्हणून एकच हिशेब लावू नका. रोलंड मेसन ऑर्डिश यांची ही रचना. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपरावरही त्यांनी काम केलं होतं. सुटे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि १८६०च्या दशकाच्या शेवटी इथे जोडले. खांब बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे; तुळया घडीव, म्हणजे ठोकून घडवलेल्या लोखंडाच्या. बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र सोसत नाही; वाकत नाही, थेट तडकतं. त्यात २ ते ४ टक्के कार्बन असतो. वेल्डिंगची आच लागून झटकन निवलं की टाक्याशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तिथेच नवी चीर जाते.

त्याऐवजी थंड टाके घालतात. चिरेच्या आडवी भोकं पाडून धातूच्या किल्ल्या ठोकून बसवायच्या, मग चिरेच्या रेषेवर एकमेकांत अडकणारे स्टड (आट्यांच्या खुंट्या) पिळायचे. त्याआधी वरचा भार टेकूंवर घेतलाच पाहिजे.

चुनखडी: पोकळ खांबाची जाडी चारही बाजूंनी मोजा. ओतताना साच्यातला गाभा (पोकळी राखणारा भाग) सरकला असेल तर एक बाजू पातळ निघते. एकाच ठिकाणच्या मापावरून खांब किती भार पेलेल हे ठरवलं तर हिशेब चुकतो.

गॅलऱ्यांचं दुखणं बहुधा सांध्यात असतं. तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे पाणी मुरतं, घडीव लोखंडाचे पदर सुटतात. गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे वीटकाम फुटतं आणि आणखी पाणी शिरतं. वरून रंग मारून हे थांबत नाही. गंजाबरोबर खारही धुऊन काढावा लागतो. २००५ साली इथल्या गॅलऱ्यांचा भाग पडला, पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीतही इमारत होती.

ओतकाम: भाराचंही बघा. हॉटेल बंद पडल्यावर आत खोल्या पाडून घरं आणि ऑफिसं झाली. अशा इमारतीत लाकडी तक्तपोशी काढून १०० मिमी काँक्रीटचा स्लॅब टाकला तर चौरस मीटरला सुमारे २५० किलो वजन होतं, वर विटांच्या आडभिंती. म्हणून दुरुस्तीची सुरुवात खांबापासून नव्हे, नंतर चढवलेलं ओझं उतरवण्यापासून करावी. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंचा चित्रपटखेळ इथेच झाला. म्हणून ही वास्तू पाडण्याचा विचार शेवटचा असावा.

गिलावा: आभार. टेकू देताना खालच्या मजल्यांनाही द्यायचे का?

चुनखडी: हो, थेट पायापर्यंत, एकाखाली एक. मध्येच थांबवले तर सगळा भार खालच्या जुन्या तुळईवर येतो.