मदत हवी आहे : नॅरोगेजच्या डब्याचं बेअरिंग आणि शेडच्या चुन्याच्या भिंती

राम राम मंडळी,

आम्ही पाचोऱ्याकडचे काही जण रविवारी जमून नॅरोगेजचा एक जुना मालडबा आणि तो उभा आहे ती दगडी शेड दुरुस्त करतोय. रीतसर परवानगी आहे. पाचोरा-जामनेर रेल्वे, म्हणजे आपली पीजे. 762 मिलिमीटर गेज (दोन रुळांमधलं अंतर), 56 किलोमीटर. तिच्यातून शाळा-कॉलेज केलेल्यांना वेगळं काय सांगायचं!

अडलंय ते ॲक्सल बॉक्सपाशी, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक ज्या पेटीत बेअरिंगखाली फिरतं तिथे. झाकण उघडलं तर तेलात भिजवून भरलेलं सुती वेस्ट (सुताचा गुंता) वाळून कडक झालेलं, आणि बेअरिंगवरचा व्हाइट मेटलचा (मऊ मिश्रधातूचा) थर एका बाजूने झिजून खालचं पितळ दिसतंय. गाडी चालवायची नाही, फक्त हाताने ढकलून शेडबाहेर आणायचीय. तेवढ्यासाठी नवा थर ओतावाच लागेल का? भुसावळ-जळगावकडे व्हाइट मेटल ओतून, स्क्रॅपरने खरवडून नीट बसवून देणारं अजून कोणी आहे का? भुसावळला फिटर म्हणून निवृत्त झालेले कोणी काका असतील तर कृपया जोडून द्या. ही कला त्यांच्याच हातात आहे.

दुसरं, भिंती चुन्यातल्या, पण मागे कोणीतरी वरून सिमेंटचा गिलावा केलाय. ओल आतच कोंडते, सांध्यातला चुना चिमटीत भुगा होतो. सिमेंट काढायचं हे नक्की. पण नवा चुना पावसाळा संपल्यावरच भरावा असं माझं मत, कारण मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तो धरण्याआधीच सुकेल. अनुभवी लोकांनी सांगावं. घाणीत, म्हणजे चुना दळायच्या दगडी चाकाखाली, मळलेला चुना खान्देशात कुठे मिळतो?