घाट उतरल्यावर ब्रेक चिरकतो: डिस्क टर्निंग कराच की नकोच?

घाटरस्ता: चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरून आलेली गाडी नागपुरात गॅरेजला लागली, की ब्रेकच्या चिरकण्यावर पहिला सल्ला मिळतो तो डिस्क टर्निंगचा, म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती लेथवर घासून सपाट करण्याचा. मला हे बहुतेक वेळा चूक वाटतं. त्या उतारात गाडी सुमारे ७०० मीटर खाली येते. हजार किलोच्या गाडीसाठी एवढी उष्णता म्हणजे वीस-बावीस लिटर नळाचं पाणी उकळेल. खालच्या गिअरमध्ये न उतरता पाय ब्रेकवरच ठेवला, तर त्यातली बरीचशी पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्या) आणि डिस्कलाच पचवावी लागते. पॅडचं मटेरियल धरून ठेवणारं रेझिन जळतं, पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि चिरकतो. पॅडचं मटेरियल ३ मिमीपेक्षा जास्त उरलं असेल, तर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून चकाकी जाईपर्यंत पॅड ओला घासा. भुकटी फुंकू नका. डिस्कही ब्रेक क्लीनरनं पुसा. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, आणि शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवा.

पानापक्कड: भाऊ, तपासणी न करता थेट पॉलिश पेपर? आधी आवाज ओळखा. ब्रेक न दाबता चिरकतं आणि दाबल्यावर थांबतं, तर बहुधा पॅडची इंडिकेटर पत्ती (पॅड संपत आल्याचं सांगणारी) डिस्कला लागतेय. तिथे पॅडच बदलायचे. घर्रऽ असा लोखंडावर लोखंडाचा आवाज असेल तर गाडी चालवूच नका. आवाज एकाच चाकातून येत असेल तर आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. एक झिजलेला, दुसरा जाड, म्हणजे कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) सरकती पिन अडकलीय. घाटात तेच चाक सगळ्यात जास्त तापतं. पिन साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. हे सोडून पॅड घासले तर आठवड्यात आवाज परत.

लेथ_हिंगणा: टर्निंगला सरसकट नावं ठेवू नका. ८० च्या वेगात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा डिस्क वाकलेली असेलच असं नाही. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली की पॅडचं मटेरियल डिस्कवर ठिगळासारखं चिकटतं. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजा. ०.०२ मिमीचा फरकही पायाला जाणवू शकतो. अशी डिस्क दोन्ही बाजूंनी हलकी टर्न करणं योग्यच, फक्त त्याआधी हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे बसते तिथला, गंज काढा.

घाटरस्ता: पिनचं मान्य, ते आधी पाहायला हवं. टर्निंगचं नाही. निळसर डाग पडले असतील तर तिथलं बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) कडक झालेलं असतं आणि तो कडकपणा आतपर्यंत जातो. वरचा थर काढला तरी बाकीची डिस्क लवकर झिजते, उंचवटा परत येतो. शिवाय पातळ डिस्क कमी उष्णता साठवते, म्हणजे पुढच्या घाटात आणखी तापणार. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आलात तर जोडीनं नवीनच टाका.

पानापक्कड: आवाजासोबत पेडल मऊ लागत असेल तर हा वाद बाजूला ठेवा. बहुधा ब्रेक ऑइल उकळलंय. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी शोषलेलं १५५ लाच उकळू शकतं. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, ब्रेक पूर्ण थंड होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका. पेडल कडक लागलं तरी जपून गॅरेजपर्यंतच न्या आणि चारही चाकांतून जुनं ऑइल काढून नवं भरा.