भूपातल्या बंदिशीत सुरांच्या नावांचेच शब्द: नेमकं कुठं चुकतंय?

पेटी_आणि_पाटी

मुलांच्या वर्गासाठी भूप रागात, सोळा मात्रांच्या तीनतालात एक छोटी मध्यलय बंदिश बांधतोय. जो सूर, तेच अक्षर, आणि तरी शब्दाला अर्थ हवा. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, अशी झाली आहे, नवव्या मात्रेपासून (ध़ म्हणजे मंद्र, सां म्हणजे तार):

सा ध़ सा रे | रे – ग – | प ग प ग | सा रे – सा
सा ध सा रे | रा ऽ ग ऽ | प ग प ग | स र ऽ स

"साध सारे राग, पग पग सरस." कागदावर छान दिसते, पण म्हटल्यावर पलट्यासारखी, म्हणजे सुरांच्या सरावासारखी वाटते आणि सम (तालाची पहिली मात्रा) पडल्याचं समाधान मिळत नाही. अंतऱ्यात, म्हणजे दुसऱ्या भागात, "मन सागर" घेतलंय आणि "मन"वर म नि लावलेत, तिथं तर भूपच राहत नाही.

आणखी एक. कार्यक्रमात मीरेची पदं आहेत, म्हणून "मीरा" हे नाव कुठंतरी सुरांत गुंफायचंय. पाश्चात्त्य संगीतात इंग्रजी अक्षरांवरून नावं सुरांत लिहितात म्हणे. ते आपल्याला कितपत चालेल?

समेवरचा_ग

पहिली ओळ सोडू नका. "सा ध़ सा रे ग" ही भूपाची अगदी आतली जागा आहे आणि "साध सारे राग" तिच्यावर अक्षरश: बसलंय. बिघाड दोन ठिकाणी आहे.

एक, सम. नवव्या मात्रेपासून उचलल्यामुळं सम "पग"मधल्या प वर पडते. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, ग. तुमच्याकडं "राग" या शब्दाच्या शेवटी ग आयता आहे, तो समेवर आणा. त्यासाठी मुखडा (समेकडं नेणारा ओळीचा सुरुवातीचा तुकडा) अकराव्या मात्रेपासून उचला: अकराला सा, बाराला ध़, तेराला सा, चौदाला रे, पंधराला "रा"चा रे, सोळावी मात्रा तोच रे लांबवायला, आणि समेवर ग. सहा मात्रांचा मुखडा होतो आणि मुलांनाही तो पकडायला सोपा जातो.

दोन, "सरस". "प ग" करून खाली आल्यावर ग वरून थेट सा, मग पुन्हा रे, मग सा. सूर भूपाचेच आहेत, पण उतरताना "ग रे सा" ही सरळ वाट कान मागतो, आणि तुम्ही शब्दासाठी ती मोडता. पलटा वाटतो तो इथंच. "सरस"ऐवजी नुसतं "रस" घ्या. मग ओळ अशी:

(११ पासून) सा ध़ सा रे रे – | (सम) ग – प ग | प ग रे – | सा –
(११ पासून) सा ध सा रे रा ऽ | (सम) ग ऽ प ग | प ग र ऽ | स ऽ

"साध सारे राग, पग पग रस." सोळा मात्रा पुऱ्या, उतरणं स्वाभाविक, आणि अर्थही जास्त नेटका.

अंतऱ्यातला "मन" बदलायची गरज नाही. त्याला भूपातलेच कुठलेही दोन सूर द्या, नेहमीच्या बंदिशीत देतो तसे. भूपात म आणि नि वर्ज्य, म्हणजे लागतच नाहीत, त्यामुळं ती दोन अक्षरं स्वराक्षर (आपल्याच नावाच्या सुरावर पडणारं अक्षर) होऊच शकत नाहीत. "सागर" मात्र तार सप्तकात "सां गं रें" असा लागतो आणि अंतऱ्याचा कळस तिथंच येतो. तेवढं एक स्वराक्षर पुरे. सगळा अंतरा तसाच बांधला, तर ऐकणारा अक्षरं मोजत बसतो आणि गाणं बाजूला राहतं.

एक धोका आधीच सांगतो. ध वरचा शब्द मिळाला की त्याच्यावर रेंगाळायचा मोह होतो, विशेषत: "धरा", "धार" अशा शब्दांत. मध्य सप्तकातला ध लांबवत राहिलात की देसकार राग डोकावतो. सूर तेच पाच, पण तिथं वादी ध आहे.

अक्षरसूर

वरच्याला पुरवणी. कर्नाटक संगीतात याला स्वराक्षर म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार मानतात: शुद्ध आणि सूचित. अक्षर जसंच्या तसं सुराच्या नावाशी जुळलं तर शुद्ध. व्यंजन तेच पण स्वर वेगळा असेल तर सूचित. तुमच्या ओळीत "साध सारे" आणि "पग पग" शुद्ध आहेत, "रा" आणि "र" सूचित. शेवटचा "स"ही काटेकोरपणे सूचितच. गाताना शब्दाचाच उच्चार ठेवा. "रा"चा "रे" केलात की शब्द गेला.

सरगमगीताशी याची गल्लत नको. सरगमगीतात सुरांची नावं हेच बोल, त्यांना वेगळा अर्थ नसतो. इथं दोन्ही हवं. म्हणून बंदिश आधी दोनदा शब्दांनी म्हणवून घ्या आणि तिसऱ्यांदा, काही न सांगता, तीच ओळ सरगमनं. फरक जवळपास ऐकूच येत नाही, आणि मुलांच्या लक्षात येतं ते त्याच क्षणी.

आपल्या सरगमीत कोमल-तीव्राला उच्चारात वेगळं नाव नाही, ही या खेळातली मोठी सवलत. भूपातला शुद्ध ग आणि मालकंस रागातला कोमल ग, म्हणायचं "ग"च. मोठ्या मुलांसाठी मालकंस बघा: "साधन सम" म्हणजे सा ध़ नि़ सा म. चलन मालकंसाचं, म वादी, आणि "सम"मधला म समेवर ठेवता येतो.

काळी_पाच

इंग्रजी अक्षरांबद्दल. तिथं सुरांना ए ते जी अशी सातच अक्षरं. जर्मन पद्धतीत बी म्हणजे बी-फ्लॅट, शुद्ध बी ला एच म्हणतात, आणि ई-फ्लॅटला "एस", म्हणून एस हे अक्षरही मिळतं. पेटीवरच्या पांढरी एकचा सा धरला तर जर्मन संगीतकार बाखचं आडनाव होतं कोमल नि, ध, तार सा, शुद्ध नि. त्यानं ते 'आर्ट ऑफ फ्यूग'च्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या फ्यूगमध्ये (एकच धून अनेक आवाजांत एकामागून एक येते अशा रचनेत) घातलंय. रशियन संगीतकार शोस्ताकोविचची खूण डी-एस-सी-एच: रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नि. १९५३ ची दहावी सिंफनी आणि १९६० चं आठवं क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना), दोन्हींत ती ऐकू येते.

उरलेल्या अक्षरांसाठी फ्रेंचांनी सातासातांच्या ओळी केल्या: ए ते जी, खाली एच ते एन, खाली ओ ते यू, मग व्ही ते झेड. उभ्या रकान्यात वर जे अक्षर, तो सूर. फ्रेंच संगीतकार रावेलनं १९०९ मध्ये संगीतकार हायडनच्या नावावर मिन्युएट (एक नृत्यरचना) लिहिलं ते असंच, फक्त एच जर्मन पद्धतीनं घेऊन. या तक्त्यात एम-ई-ई-आर-ए होतं एफ, ई, ई, डी, ए, म्हणजे म ग ग रे ध.

पण आपल्या तत्त्वाशी जवळची पद्धत त्याहून जुनी आहे. १५२१ मध्ये वारलेल्या जोस्कँ दे प्रे या संगीतकारानं फेराराच्या ड्यूक हर्क्युलीसच्या लॅटिन बिरुदातले फक्त स्वर घेतले आणि तेच स्वर असलेली सुरांची नावं शोधली. आपल्या भाषेत ती ओळ रे सा रे सा रे म ग रे. तिथं स्वर जुळतो, आपल्याकडं व्यंजन.

पेटी_आणि_पाटी

अकराव्या मात्रेवरून म्हणून पाहिलं, ग समेवर येताच ओळ उभी राहिली. आता "मीरा" भूपात कशी बसवू? स्वराक्षर घ्या की फ्रेंच तक्ता, म येतोच.

समेवरचा_ग

भूपात बसवूच नका. मी-रा म्हणजे म रे, आणि "म रे" ही दुर्गा रागाची ओळखच आहे. मीरेचं एखादं पद दुर्गात, तीनतालात बांधा आणि शेवटी नावाचीच तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) घ्या: दहाव्या मात्रेपासून म रे –, म रे –, म रे. सोळाव्या मात्रेवर तिसरा म येतो आणि शेवटचा रे समेवर. तिहाईतल्या दोन्ही मोकळ्या मात्रा रे लांबवून भरू नका, तिथं आवाज थांबवा. नाहीतर तीन वेळा नाव घेतलंय हे कळतच नाही.