अ‍ॅना मणींच्या नावाआधी ‘डॉ.’ लावायचं का?

तळमजला: विज्ञान दिनाला सोसायटीतल्या मुलांसाठी तक्ते करतोय. रामन दरवर्षी असतातच, म्हणून यंदा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅना मणी घेतल्या. पुढे त्या आपल्या पुण्यात, सिमला ऑफिसला (म्हणजे हवामान खात्यात) होत्या म्हणे. पण एकीकडे ‘डॉ.’ दिसतं, दुसरीकडे ‘श्रीमती’. काय लिहू? आणि त्यांनी शोध नेमका कसला लावला? ‘वेधशाळेत नोकरी’ एवढंच लिहिलं तर पोरं ढुंकूनही बघणार नाहीत.

उन्हातान्हात: दोन्ही नको. लग्न त्यांनी केलं नाही आणि पीएचडी त्यांना मिळू दिली नाही.

बंगळूरला त्या हिरे आणि माणकं कशी चमकतात ते तपासत. हिरा द्रवरूप हवेइतका गार करायचा आणि त्याचा मिणमिणता प्रकाश काचेच्या फोटोप्लेटवर उमटायची वाट बघायची. एकेका प्लेटला पंधरा-वीस तास! कित्येक रात्री बाई प्रयोगशाळेतच झोपत. १९४२ ते ४५ मध्ये पाच शोधनिबंध, सगळे एकटीच्या नावावर. १९४५ साली प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला, तर उत्तर आलं की एमएस्सी कुठाय? बीएस्सी ऑनर्स आणि संशोधनाची शिष्यवृत्ती त्यांच्या लेखी पुरेशी नव्हती. तो प्रबंध आजही रामन संस्थेच्या ग्रंथालयात बाकीच्या प्रबंधांच्या रांगेत उभा आहे. पदवी नाकारली होती हे त्याच्याकडे बघून कळतही नाही.

कुजकट_काका: म्हणजे शोध काहीच नाही. पुढे हवामान खात्यात उपकरणं केली, पण ती तर कारखान्यातही बनतात.

उन्हातान्हात: काका, बनतात कुठून? १९४८ ला त्या इथे रुजू झाल्या तेव्हा हवामानाची बरीच उपकरणं बाहेरून यायची. त्यांच्या हाताखाली शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित झाले आणि मग ती देशातच बनायला लागली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ मिळून पृथ्वीचा अभ्यास करत होते तेव्हा, त्यांनी सूर्याची उष्णता मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं.

मी सोलरवाला आहे. आमचं एक मापक असतं, पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते. ती उन्हानं तापली की खालच्या जोडणीतून अगदी बारीक विद्युतदाब मिळतो, त्यावरून ऊन किती ते कळतं. घुमटावर धूळ बसली की आकडा खाली येतो आणि गिऱ्हाईक पॅनेलला शिव्या घालतं! तर सोलरचा धंदा करणारं कुणी नव्हतं तेव्हापासून बाई हे मोजत होत्या. उपमहासंचालक म्हणून १९७६ ला निवृत्त झाल्या आणि १९८० मध्ये भारतभरच्या उन्हाच्या आकड्यांचं हँडबुक काढलं. माझे पहिले साहेब त्यावरूनच कोटेशन काढायचे. कण शोधला की नोबेल मिळतं, मोजमाप सरळ केलं की पेन्शन.

मोगरा_७१: पोरांसाठी एक गोष्ट घालाच. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्या नको म्हणून हिनं एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागून घेतले. आणि पुढे नशिबात हिरेच!

तळमजला: घेतली. नाव नुसतं ‘अ‍ॅना मणी (१९१८–२००१)’ आणि खाली प्रबंधाचा किस्सा. उन्हातान्हात, तुमच्या त्या घुमटवाल्या यंत्राचा फोटो आहे का?

उन्हातान्हात: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. धुळीसकट आहे, पुसून काढायला वेळ नव्हता.