रिस्ट्रिक्टेड लायसन्सवरच्या मुलांना गाडीचा विमा इतका महाग का?

ऑकलंडची_आई
मुलगी १९ वर्षांची, हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत, रिस्ट्रिक्टेड लायसन्स, म्हणजे इथे न्यूझीलंडमध्ये लर्नर आणि फुल यांच्या मधला टप्पा. तिच्यासाठी जुनी विट्झ घेतली आणि विम्याचे कोट मागवले. फुल कव्हरचा वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे! वर एक्सेस, म्हणजे क्लेम केला की आधी आपल्या खिशातून जायची रक्कम. मूळ एक्सेस, त्यावर पंचविशीच्या आतल्यांचा जादा, त्यावर रिस्ट्रिक्टेडचा आणखी. मग विमा कसला उरला?

न्यूझीलंडमध्ये गाडीचा विमा सक्तीचा नाही. दर असे लावले की मुलं विम्याविनाच गाडी काढतात आणि त्यांनी कुणाला ठोकलं तर भुर्दंड त्या बिचाऱ्याला. वय बघून सरसकट दर लावणं थांबवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

डोंबिवली_ते_ड्युनेडिन
ताई, अजिबात पटलं नाही. वय नाही तर काय बघायचं? १९ व्या वर्षी मुलाचा रेकॉर्ड असतो कुठे? नवशिक्यांचे अपघात जास्त होतात, म्हणून तर २०११ मध्ये लर्नरचं वय १५ वरून १६ केलं. वयानुसार हप्ता वेगळा ठेवायला १९९३ च्या मानवी हक्क कायद्यातही मुभा आहे, फक्त त्यामागे आकडेवारीचा आधार हवा.

आणि जुन्या विट्झला फुल कव्हर हवंच कशाला? थर्ड पार्टी घ्या. ती तुमची गाडी भरून देत नाही, पण मुलीने एखादी नवीकोरी टेस्ला ठोकली तर घरावर कर्ज येणार नाही.

नाइटशिफ्ट
मी त्याच वयाचा, सुपरमार्केटमध्ये रात्री शेल्फ भरतो. रिस्ट्रिक्टेडवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने गाडी चालवता येत नाही. माझी शिफ्ट १० नंतर सुटते, तेव्हा बस मिळत नाही. गाडी काढली आणि पोलिसांनी धरलं तर १०० डॉलर दंड आणि लायसन्सवर ३५ डिमेरिट पॉइंट, म्हणजे दोषाचे गुण. त्या वेळात अपघात झाला तर कंपनी लायसन्सची अट मोडली म्हणून क्लेम नाकारू शकते. रूममेटला शेजारी बसवलं तरी तेच, कारण सोबत दोन वर्षं फुल लायसन्स असलेला माणूस लागतो.

म्हणजे जास्त धोक्याचे तास कायद्यानेच काढून घेतले, तरी हप्ता चढाच. दादा, याचा हिशेब सांगा.

वाकडवाला
पुण्यात भाच्याची गाडी घेतली, त्याचं वय कुणी विचारलं नाही. थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिनच्या सीसीवर ठरवतं आणि ती सक्तीचीही आहे. तिकडेही तसंच करा ना!

डोंबिवली_ते_ड्युनेडिन
वाकडवाले, तुलना चुकतेय. भारतात थर्ड पार्टीत माणसाच्या जिवाची भरपाई येते, म्हणून सक्ती. इथे जखमी माणसाचा उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग १९७४ पासून एसीसी ही सरकारी अपघात भरपाई संस्था बघते, चूक कुणाचीही असो. इथल्या खासगी विम्यात उरतं ते पत्र्याचं नुकसान.

नाइटशिफ्ट, तुझा मुद्दा मान्य. पण तुझ्याच वयाची किती मुलं ती वेळ पाळतात? कंपनीला तू एकटा दिसत नाहीस.

हॅमिल्टनकर
आपल्या लोकांत चालणारी एक गोष्ट सांगून टाकतो. गाडी वापरणार मुलगा, पण मेन ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव. हप्ता कमी होतो, म्हणून सगळे खूश. क्लेमच्या वेळी गाडी रोज युनिव्हर्सिटीच्या पार्किंगमध्ये असते हे कळलं की पॉलिसी रद्द. पुढे प्रत्येक विमा अर्जावर तो डाग बाबांच्या नावावर राहतो. ताई, कुणी हे सुचवलं तर ऐकू नका.

ऑकलंडची_आई
ते मी करणार नाही. थर्ड पार्टीचा सल्ला मात्र पटला, तीच घेते.

पण दादा, रेकॉर्ड नसतो म्हणालात ना? पंचविशीच्या आतल्याने मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स केला तर सरकार रिस्ट्रिक्टेडचे १८ महिने १२ वर आणतं. मुलीने तो केलाय. सरकारला सहा महिने सूट द्यायला तो कोर्स पुरतो, आणि माझ्या एकाही कोटच्या फॉर्मवर त्याचा रकानासुद्धा नव्हता!

डोंबिवली_ते_ड्युनेडिन
कोर्स केलेल्यांचे क्लेम खरंच कमी येतात हे आधी दिसू दे, मग सवलत मागा. वर्गात बसल्याने रात्री मित्र गाडीत भरायची हौस जात नाही.

नाइटशिफ्ट
रकाना असल्याशिवाय ते दिसणार कसं?