मदत हवी आहे: त्र्यंबकला पाऊस, पण उपग्रहाच्या रडारमध्ये शून्य

पाणलोट_नाशिक

गंगापूर धरणाच्या पाणलोटातला पाऊस पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावरच्या डीपीआर रडारशी ताडून पाहतो आहे. नासाच्या अर्थडेटावरून टू-ए डीपीआर, आवृत्ती ७ च्या फाइली घेतल्या. पायथॉनमध्ये एच५पाय वापरून एफएस (फुल स्कॅन) गटातलं 'प्रेसिप रेट निअर सरफेस', म्हणजे जमिनीजवळच्या पावसाचा दर, वाचतो. निफाड, पिंपळगाव बसवंतकडे आकडे बऱ्यापैकी जुळतात. त्र्यंबक आणि त्याजवळच्या अंबोलीला मात्र जुलैच्या संततधारेत पर्जन्यमापकात पाऊस आणि रडारमध्ये चक्क ०. उणे ९९९९.९ (माहिती नाही) असलेल्या जागा वगळल्या आहेत, यूटीसीत साडेपाच तास मिळवले आहेत. पर्जन्यमापक टिपिंग बकेटचे आहेत, नोंद दर १५ मिनिटांनी. आयमर्गमध्ये (अनेक उपग्रहांची माहिती एकत्र करून काढलेला पावसाचा अंदाज) तिथे थोडा पाऊस दिसतो, मग रडारलाच का दिसू नये? जाणकारांनी कृपया सांगावं.

ढगमापी

फाइल बरोबर वाचताय. या शून्याचा अर्थ एवढाच, की जिथवर रडारला स्वच्छ दिसलं तिथवर पाऊस सापडला नाही. त्याखाली जमिनीचा प्रतिध्वनी इतका जोरदार असतो की थेंबांचा प्रतिध्वनी त्यात बुडून जातो.

प्रत्येक किरणासाठी ही सीमा फाइलमध्येच दिलेली असते. एफएस गटात 'पीआरई' उपगट उघडा आणि 'बिन क्लटर फ्री बॉटम' (सर्वांत खालचा स्वच्छ बिन; बिन म्हणजे किरणाच्या वाटेतला एक कप्पा) व 'लोकल झेनिथ अँगल' (किरणाचा तिरकेपणा) घ्या. बिन १७६ म्हणजे पृथ्वीच्या लंबगोलाचा पृष्ठभाग (ढोबळमानाने समुद्रसपाटी), एक बिन १२५ मीटरचा. उंची = (१७६ − बिन) × १२५ × कोनाचा कोसाइन. समजा रडार पाहतं त्या पट्ट्याच्या कडेला बिन १६० आला आणि कोन १८ अंश आहे: १६ × १२५ = २००० मीटर, गुणिले ०.९५, म्हणजे १९०० मीटर. त्र्यंबकची जमीन ७०० मीटरच्या आसपास धरली, तर जमिनीपासून वरचे १२०० मीटर रडारला अदृश्य. बिनांची मोजणी १ पासून आहे, पायथॉनची ० पासून. ॲरेतून मूल्य काढताना १ वजा करा.

कडेला ही सीमा वर सरकते, कारण जमिनीवर किरणाचा ठसा सुमारे ५ किमी रुंद असतो आणि कडेचा किरण १७ अंश तिरका असतो. ५ × टॅन १७° म्हणजे दीड किलोमीटर. त्या ठशात ब्रह्मगिरीसारखा डोंगर आला की आणखी भर.

आणि घाटमाथ्यावरचा पावसाळी पाऊस बऱ्याचदा उथळ ढगांतूनच पडतो. शून्य अंशाची पातळी त्या दिवसांत ५ किमीच्या आसपास असते, पण या ढगांचे माथे तिथवर पोचतही नाहीत. थेंब वाढतात ते खालच्या एक-दोन किलोमीटरमध्ये, नेमके अदृश्य भागात. निफाडला आकडे जुळतात, कारण तिथे जमीन सपाट आहे आणि तिथला पाऊस बहुतांशी उंच ढगांचा.

पाणलोट_नाशिक

मनःपूर्वक आभार. मग 'प्रेसिप रेट ई-सरफेस' वापरलं तर? ते जमिनीपर्यंतचा अंदाज देतं ना?

ढगमापी

देतं, पण वरच्या स्वच्छ बिनातला पाऊस खाली ओढून. वर काहीच सापडलं नसेल तर तेही ०.

रिमझिम

संवेदनक्षमतेचाही मुद्दा आहे. डीपीआरच्या केयू या लहरपट्ट्याला साधारण १५ ते १८ डीबीझेडच्या (प्रतिध्वनीच्या ताकदीचं माप) खालचं दिसत नाही. झेड = २०० × आर^१.६ (झेड म्हणजे प्रतिध्वनीची ताकद, आर म्हणजे तासाचा पाऊस मिमीत) या नेहमीच्या सूत्राने १८ डीबीझेड म्हणजे तासाला अर्धा मिमी. पण प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. घाटातल्या भुरभुरीत थेंब असंख्य आणि बारीक, म्हणून तेवढाच पाऊस असूनही डीबीझेड आणखी खाली जातं.

आयमर्गला पुरावा धरू नका. ते प्रामुख्याने मायक्रोवेव्ह रेडिओमीटर आणि इन्फ्रारेडवर चालतं, आणि फायनल आवृत्तीत महिन्याच्या पर्जन्यमापकांशी जुळवणी केलेली असते. जमिनीच्या भागावरून जाताना उपग्रहावरचा रेडिओमीटर मुख्यतः ढगातल्या बर्फामुळे होणारं विकिरण ओळखतो. उथळ ढगात बर्फच नसतं, त्यामुळे घाटात तेही कमीच दाखवतं.

उथळ ढग पाहायचेच असतील तर मे २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाचं ९४ गिगाहर्ट्झचं रडार पाहा. ते फार बारीक थेंब टिपतं, शिवाय डॉपलर आहे, म्हणजे थेंबांचा वेगही मोजतं. मात्र ते फक्त थेट खाली बघतं, ठसा किलोमीटरहूनही लहान. ते नेमकं अंबोलीवरून जाईल ही आशा धरू नका. इगतपुरी ते सुरगाणा सह्याद्रीवरची जी फेरी मिळेल ती घ्या. जोरदार सरीत ९४ गिगाहर्ट्झची लहर वाटेतच क्षीण होते, आणि जमिनीलगत तेही आंधळंच.

पाणलोट_नाशिक

मग तुलना करायची कशी?

ढगमापी

एफएसमध्ये ४९ किरण असतात. कडेचे सोडून मधले १५ ते ३५ घ्या. त्यातही स्वच्छ बिन जमिनीपासून १ किमीहून उंच असेल तिथे ० ऐवजी 'माहिती नाही' लिहा. उरलेल्या किरणांशी पर्जन्यमापक ताडताना वाऱ्याचा हिशेब ठेवा: १२०० मीटरवरून सेकंदाला ६ मीटर वेगाने पडणाऱ्या थेंबाला २०० सेकंद लागतात, आणि १० ते १५ मीटरचा पश्चिमवारा तेवढ्यात त्याला दोन-तीन किलोमीटर पूर्वेला नेतो. म्हणून मापकाच्या वरचा किरण आणि त्याच्या पश्चिमेचा शेजारी, दोन्ही तपासा. सकाळी साडेआठच्या २४ तासांच्या बेरजेशी मात्र फेरीचा आकडा कधीच लावू नका. रडार त्या जागेवरून काही सेकंदांत निघून जातं.