मूकपटांना साठ फ्रेमचा मुलामा कशाला?

रीळवेडा:
सध्या एक टिपण फिरतंय. त्यात म्हटलंय की मूकपट आजच्या डोळ्यांना बघवत नाहीत, मूळ प्रतीत माणसं तुरुतुरु पळतात, चित्र फडफडतं, तेव्हा एआयने रंग भरलेली आणि मधल्या फ्रेम (सुटी चित्रं) घडवून सेकंदाला ६० फ्रेमची केलेली प्रतच बघा. वाचून राहवलं नाही.

ती तुरुतुरु मूकपटाची नाहीच. तेव्हा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवायचे. दांड्याचा एक फेरा म्हणजे ८ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. बोलपट आल्यावर ध्वनिपट्टीला एकच पक्का वेग लागला आणि २४ ठरला. १६ चं रीळ २४ ने पळवलं की माणसं दीडपट वेगाने चालणारच. फडफडीचंही तेच. त्या काळी प्रोजेक्टरला तीन पात्यांचं शटर (प्रकाश अडवणारी-सोडणारी फिरती चकती) असायचं, १६ गुणिले ३ म्हणजे सेकंदाला ४८ उघडझापा. बोलपटाच्या दोन पात्यांच्या शटरवर त्याच १६ ला ३२ च होतात आणि डोळ्याला टोचतात. चूक चालवणाऱ्याची, बोल मात्र सिनेमाला.

आता रंग. त्या काळी सर्रास वापरायचे त्या ऑर्थोक्रोमॅटिक (कृष्णधवल) फिल्मला लाल दिसतच नाही. लाल शाल आणि काळा कोट दोन्ही काळेच उतरतात, निळं आकाश पांढरंफटक पडतं. जी माहिती फिल्मवर कधी उतरलीच नाही, ती सॉफ्टवेअर आणणार कुठून?

पडदाप्रेमी:
असहमत. रंगाचं ठीक आहे, पण १६ चा जप पुरे. १६ हा सगळीकडे पाळलेला नियम कधीच नव्हता. १९२०च्या दशकात वेग चढत गेला होता, आणि विनोदी पाठलागात कॅमेरामन मुद्दाम दांडा हळू फिरवायचे, म्हणजे पडद्यावर धांदल उडावी. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' या मूकपटाच्या एका डिस्कवर २० आणि २४ असे दोन्ही वेग दिलेत, कारण जाणकारांचंच एकमत नाही. मग 'खरा वेग' तुम्ही कुठल्या अधिकाराने सांगता? नवा प्रेक्षक ६० फ्रेममुळे का होईना, मूकपटाकडे वळतोय. त्याला हाकलू नका.

रीळवेडा:
अधिकार कसला, हिशोब करा. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ च्या वेगाला एक फूट बरोबर एक सेकंद. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ३७०० फुटांचा. १६ ने तो ६१ मिनिटं ४० सेकंद चालतो, २४ ने ४१ मिनिटं. आणि सगळीकडे काय छापतात? 'सुमारे ४० मिनिटं'. बोलपटाच्या वेगाने मोजलेला आकडा बिनदिक्कत पुढे चाललाय!

लांबी ठाऊक नसेल तर चालण्यावरून वेग ठरवू नका, नट मुद्दाम भरभर चालतो. पडणारी वस्तू बघा. छातीच्या उंचीवरून, साधारण १.२ मीटरवरून, सुटलेली वस्तू जमिनीवर यायला अर्धा सेकंद लागतो. फ्रेम मोजा: ८ भरल्या तर १६ चा वेग, १० भरल्या तर २०. गुरुत्वाकर्षण कुठल्या कॅमेरामनचं ऐकत नाही.

सिरक्याचा वास:
वेगावरून डोकी फोडताय, आणि चित्राची डावी कड कापली जाते त्याचं कुणालाच काही नाही! मूकपटाची फ्रेम छिद्रांच्या दोन रांगांमधली सगळी रुंदी घेते, जवळपास २५ मिमी. बोलपटात ध्वनिपट्टीला जागा द्यायला ती २२ वर आली. मागाहून संगीत जोडून काढलेल्या कित्येक प्रतींत ते ३ मिमी सरळ छाटलेत. ओळखायचं असेल तर मजकुराची पाटी (दृश्यांच्या मधे येणारी संवादाची अक्षरं) थांबवून बघा. अक्षरं डावीकडे कडेला चिकटली असतील आणि उजवीकडे मोकळी जागा असेल, तर प्रत कापलेली आहे. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा हरवलेला आणि २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सला सापडलेला भाग १६ मिमीच्या अरुंद फिल्मवर उतरवलेला, ओरखड्यांनी भरलेला आणि कडेने कापलेला होता. नव्या आवृत्तीत तिथे काळी पट्टी तशीच ठेवलीय. याला म्हणतात प्रामाणिकपणा. एआयवाले ती पट्टीही 'भरून' देतील.

पडदाप्रेमी:
विषय ६० फ्रेमचा होता, कापाकापीचा नव्हे. आणि शुद्धतेचा आव आणताय तर हे सांगा: तुमचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० भागिले १६ म्हणजे पावणेचार. मग तीन फ्रेम चार-चार वेळा दिसतात आणि चौथी तीनच वेळा. हा धक्का मूळ प्रतीत होता का? नव्हता. म्हणजे तुम्हीही खोटंच बघता.

रीळवेडा:
धक्क्याचं मान्य, मानावंच लागेल. २० ला प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा बसते, १६ आणि १८ ला गोची होते. पण आहे तीच फ्रेम पुन्हा दाखवणं वेगळं आणि नसलेली फ्रेम घडवणं वेगळं. ६० फ्रेमच्या प्रतीत कुणी हात झटकन हलवला तिथे थांबून बघा. बोटं एकमेकांत विरघळतात, हातातली बारीक काठी मधेच नाहीशी होते. मूळ प्रतीत एकाच फ्रेमपुरता असलेला धुळीचा ठिपका हालचाल समजून ताणला जातो आणि चेहऱ्यावरून पाण्यासारखा ओघळतो. पाटी संपून दृश्य सुरू होतं तिथे अक्षरांचा चिखल होतो, कारण सॉफ्टवेअरला तो कट कळलेलाच नसतो.

सिरक्याचा वास:
आणि रंग हवाच असेल तर त्यांचा स्वतःचा रंग होता की! प्रती रंगाच्या पाण्यात बुडवायचे: रात्रीला निळा, दिव्याच्या खोलीला पिवळसर, आगीला लाल. नायट्रेट (त्या काळच्या प्रती ज्यावर असायच्या ती फिल्म) सडायला लागलं, कडेने पिवळं पडून चिकट व्हायला लागलं, तेव्हा घाईने कृष्णधवल फिल्मवर नकला काढल्या आणि रंग मागेच राहिला. रात्रीचे प्रसंग भर उन्हात घेतलेले असायचे. निळा गेला की नायक भरदुपारी कंदील घेऊन चोर शोधताना दिसतो, आणि दोष पुन्हा सिनेमाला.

पडदाप्रेमी:
कंदिलाचं पटलं. पण तो निळाही आता संगणकच भरतो ना?

सिरक्याचा वास:
बऱ्याचदा भरतो. पण उरलेल्या रंगीत तुकड्याशी ताडून, किंवा निगेटिव्हवर त्या काळी लिहून ठेवलेली सूचना वाचून. तुकडाही नाही आणि सूचनाही नाही, तर ते दृश्य कृष्णधवलच ठेवायचं.

पडदाप्रेमी:
ठीक. रंग मागे घेतो. ६० फ्रेमची प्रत मी बघणार, पण तिच्या शेजारी मूळ स्कॅन, वेग आणि फुटांची लांबी लिहिलेली असावी, एवढं कबूल.

रीळवेडा:
लांबी आधी लिहा. ती असली की वेगाचं पुन्हा भांडता येईल.